विहीर माझी, पाणी कोणाचे?

(ग्रामविकास कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)



'भूजलाचे रक्षण आणि शुद्धीकरण' हा विषय आयोजकांनी मला दिला आहे. पाणी अडवणे आणि जिरवणे या विषयात महाराष्ट्राने बरेच काही केले. चर खणले, बंधारे बांधले, नाले रुंद केले. परंतु जे पाणी आपण जिरवले ते कसले होते, आणि जिरलेले पाणी मालकीचे कोणाच्या, हे दोन प्रश्न मात्र आपण फारसे विचारले नाहीत. आज त्यांविषयीच बोलावे असे मनात आहे.

आधी आपल्या पायाखालची भूमी समजून घेऊ. महाराष्ट्राचा चार-पंचमांशाहून अधिक भाग काळ्या कातळाचा, म्हणजे बेसाल्टचा आहे. या कातळात पाणी राहते ते वरच्या झिजलेल्या मुरमात आणि खालच्या फटींत. जमिनीखाली एखादा अथांग सागर पसरला आहे अशी जी कल्पना सर्वसामान्यांच्या मनात असते, ती येथे लागू पडत नाही. नानाजी देशमुखांचे उदाहरण आपणां सर्वांना परिचित आहे. १९७८ मध्ये दीनदयाळ शोध संस्थानाच्या वतीने त्यांनी उत्तर प्रदेशातील गोंडा जिल्ह्यात काम उभे केले. लोखंडी नळीऐवजी बांबूची नळी वापरून तेथे कूपनलिका घेतल्या गेल्या आणि लहान शेतकऱ्याला स्वस्तात पाणी मिळाले. तो प्रयोग यशस्वी झाला, कारण खाली हिमालयातून आलेल्या नद्यांचा गाळ होता आणि पाणी वरच होते. पण नानाजींचे जन्मगाव कडोळी हे हिंगोली जिल्ह्यात आहे, आणि तेथील कातळात बांबू उतरणार नाही. प्रत्येक भूमीचा धर्म वेगळा असतो, तो ओळखूनच योजना आखावी लागते.

१९७२ च्या दुष्काळानंतर विंधन यंत्रे गावोगाव पोहोचली. त्या वेळी ती आवश्यकच होती. पुढे मात्र शेजाऱ्याने दोनशे फूट घेतली म्हणून आपण चारशे, आपण चारशे म्हणून तिसऱ्याने सहाशे, अशी चढाओढ सुरू झाली. सहाशे फुटांवरची नळी नवे पाणी निर्माण करीत नाही. वरच्या थरातील पाणी फटींवाटे खाली ओढते, आणि शेजारची चाळीस फुटांची विहीर फेब्रुवारीतच कोरडी पडते. ती विहीर बहुधा कोणाची असते, हे येथे बसलेल्यांना सांगावयास नको.

समरसतेच्या विषयात आपण 'एक पाणवठा, एक मंदिर, एक स्मशान' हा आग्रह धरतो. तो योग्यच आहे. परंतु ज्याची ऐपत आहे त्याच्या वाड्यात स्वतंत्र पाणवठा झाला आणि वस्तीवरची बाई टँकरची वाट पाहत उभी राहिली, तर एक पाणवठा राहिला कोठे? तो टँकरही बहुधा कोणाच्या तरी अधिग्रहित विहिरीवरच भरलेला असतो, म्हणजे तेही भूजलच! जमीन ज्याची त्याला तिच्याखालचे पाणी काढण्याचा हक्क, ही मांडणी १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात इंग्रजांनी केली. आपल्याकडे विहीर खोदणे हे पूर्तकर्म होते, आणि अहिल्यादेवींनी बारवा बांधल्या त्या वाटसरूंसाठी. अर्थात तेव्हाही सर्व पाणवठे सर्वांना खुले नव्हते, हे कटू सत्य झाकून ठेवण्यात अर्थ नाही. महाराष्ट्राने १९९३ मध्ये कायदा करून सार्वजनिक पेयजल स्रोतापासून पाचशे मीटरच्या आत विनापरवाना विहीर घेण्यास मनाई केली. २००९ च्या भूजल अधिनियमाने साठ मीटरपेक्षा खोल विहिरींवर निर्बंध आणले. दोन्ही कायदे किती पाळले गेले ते आपण जाणता. याउलट अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने पोपटराव पवारांच्या नेतृत्वाखाली सिंचनासाठी विंधन विहीर न घेण्याचे स्वतःच ठरवले. वर्षाचा पाऊस आणि उपलब्ध पाणी ग्रामसभेत मांडून पिके ठरवली जातात, आणि ते पाळले जाते.

आता शुद्धीकरणाकडे वळतो. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत भूमिगत जलाच्या शोधावर 'दकार्गल' नावाचा स्वतंत्र अध्याय आहे. त्यात विहिरीचे गढूळ, कडू, खारट पाणी सुधारण्यासाठी नागरमोथा, वाळा, आवळा यांच्या चूर्णांबरोबर निवळीचे फळ टाकण्याचा योग दिला आहे. निवळीने गढूळपणा खाली बसतो, हे आजही अनुभवता येते. पूर्वजांच्या या निरीक्षणाचा अभिमान जरूर बाळगावा. परंतु त्यांच्या काळी युरिया नव्हता, आणि म्हणून नायट्रेटवरचा उतारा त्या ग्रंथात शोधू नये.

पाण्यातील दोष दोन प्रकारचे असतात. जंतूंचा दोष क्लोरिनने जातो. हजार लिटर पाण्याला चांगल्या प्रतीची टीसीएल पावडर सुमारे अडीच ग्रॅम लागते. पाच मीटर व्यासाच्या विहिरीत तीन मीटर पाणी असेल तर ते साधारण एकोणसाठ हजार लिटर भरते, आणि दीडशे ग्रॅम पावडर पुरते. गढूळ पाण्यास अधिक लागते. म्हणून तासाभराने ओटी चाचणी करावी. पावडर उघड्या पोत्यात सहा महिने पडून राहिली असेल तर तिचा गुण गेलेला असतो, आणि ग्रामपंचायतीच्या कोपऱ्यात नेमके तेच पोते आढळते.

विरघळलेल्या क्षारांचा दोष याहून अवघड आहे. यवतमाळ, चंद्रपूर या जिल्ह्यांच्या काही भागांत फ्लोराईड आहे. लिटरमागे दीड मिलिग्रॅमपेक्षा ते अधिक झाले की लहान मुलांच्या दातांवर डाग पडतात, आणखी वाढले की हाडे जखडतात. नागपूरच्या 'नीरी' संस्थेने तुरटी आणि चुना वापरून फ्लोराईड काढण्याची पद्धत विकसित केली, ती 'नलगोंडा तंत्र' म्हणून ओळखली जाते. तंत्र उत्तम आहे. पण रोज मात्रा मोजून घालणारा माणूस हवा, आणि तळाशी बसलेल्या गाळाची नीट विल्हेवाट हवी. नायट्रेट येते ते खतांतून, उकिरड्यातून, शौचालयाच्या शोषखड्ड्यातून. त्याची मर्यादा पंचेचाळीस मिलिग्रॅम. पाणी उकळल्याने हे दोन्ही दोष जात नाहीत. पाणी आटते आणि क्षार उलट दाट होतात. हे घरोघरी भगिनींना आवर्जून सांगावे. आर.ओ. यंत्र क्षार काढते, परंतु काढलेले क्षारयुक्त पाणी अंगणात सोडले की ते पुन्हा त्याच जमिनीत जाते.

म्हणून रक्षण स्वस्त आणि शुद्धीकरण महाग. नळ आला की गावातील जुना आड ओस पडतो, आणि पाहता पाहता तो कचराकुंडी होतो. मला विशेष खेद होतो तो निर्माल्याचा. देवाला वाहिलेली फुले प्लास्टिकच्या पिशवीसह आपण आडात टाकतो, आणि त्याच्याच झऱ्याचे पाणी शेजारच्या हातपंपातून पितो! दुसरी गोष्ट पुनर्भरणाची. छपरावरचे पाणी बोअरमध्ये सोडण्याची चाल चांगली. परंतु पहिला पाऊस वाहून जाऊ द्यावा, आणि नंतरचे पाणी दगड, खडी, वाळूच्या गाळण खड्ड्यातूनच आत जावे. शेतातले किंवा रस्त्यावरचे पाणी बोअरमध्ये कदापि सोडू नये. मातीतून झिरपताना जी गाळणी निसर्गतः होते, तिला नळीने बगल दिली की औषधे आणि खते थेट पिण्याच्या पाण्यात उतरतात.

कार्यकर्ता म्हणून आपण तीन महिन्यांत एवढे करू शकतो. आपल्या गावातील वापरातल्या आणि ओस पडलेल्या सर्व विहिरींची नोंद करावी. पाण्याचा नमुना पावसाळ्यापूर्वी एकदा आणि नंतर एकदा तपासून घ्यावा. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातील पाच महिलांना क्षेत्रीय तपासणी संच हाताळण्याचे प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. त्या पाच जणी आपल्या गावात कोण, आणि संच कोणाच्या कपाटात आहे, याचा शोध घ्यावा. तपासणीचा निकाल ग्रामसभेत मोठ्याने वाचला जावा. आड उपसण्याचे श्रमदान करण्यापूर्वी मात्र पेटता कंदील आत सोडून पाहू नका, थेट माणूसही उतरवू नका; बंद आडात विषारी वायू साचलेला असतो आणि दरवर्षी त्यात माणसे दगावतात. जाणकाराला आणि योग्य साधने असलेल्या पथकालाच बोलवा.

जिज्ञासा-समाधानासाठी अर्धा तास राखून ठेवला आहे. आपापल्या गावचे तपासणी अहवाल ज्यांनी आणले असतील त्यांनी ते पुढे द्यावेत, त्यांवरच बोलू.