अधांतरी फिरणारे चक्र



मदनमहालाच्या टेकडीवर गेलेल्या जबलपूरकराला तोल म्हणजे काय, हे वेगळे सांगावे लागत नाही. तेथे एका प्रचंड शिळेवर दुसरी शिळा अगदी अल्प आधाराने टेकली आहे. 22 मे 1997 च्या भूकंपाने शहर हादरले. ती शिळा मात्र ढळली नाही. तो तोल निसर्गाने एकदा साधला आणि तो टिकला. आजचा विषय नेमका याच्या उलट आहे. ज्याचा तोल क्षणोक्षणी नव्याने सावरावा लागतो, असे हे यंत्र आहे: चुंबकांच्या आधारावर तरंगणारा टर्बोमॉलिक्युलर पंप. बंद पात्रातील हवा जवळजवळ पूर्णपणे काढून घेणे, म्हणजेच निर्वात निर्माण करणे, हे त्याचे काम.

इतक्या शुद्ध निर्वाताची गरज कोणाला? हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा नियोजित आहे. एप्रिल 2023 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला मंजुरी दिली. पुण्याची आयुका, गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था आणि मध्य प्रदेशातील इंदूरचे राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र या कार्यात सहभागी आहेत. वेधशाळेच्या दोन भुजा प्रत्येकी 4 किलोमीटर लांबीच्या असतील आणि त्यांतून लेसरचा झोत धावेल. भुजेच्या लांबीत प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहूनही कमी फरक पडला, तरी तो टिपायचा आहे. वाटेत हवेचे रेणू भरकटत असतील, तर हे मोजमाप अशक्य होते. अमेरिकेतील अशाच वेधशाळेच्या नळ्यांतून सुमारे 10,000 घनमीटर हवा उपसून दाब वातावरणाच्या एक लाख कोटीव्या भागापर्यंत उतरवण्यास सुमारे 40 दिवस लागले. त्या कामात टर्बो पंपांचा मोठा वाटा होता.

साधा पंप हवा ओढतो, असे म्हणण्याची पद्धत आहे. वस्तुतः तो फक्त जागा मोकळी करतो. हवा स्वतःच्या दाबाने त्या जागेत येते. नेहमीच्या हवेत रेणूंची इतकी दाटी असते की एक रेणू मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाइतकाही जात नाही, तोच दुसऱ्यावर आदळतो. म्हणून हवा पाण्यासारखी वाहते. परंतु दाब वातावरणाच्या शंभर कोटीव्या भागावर आला, की तोच रेणू कोणालाही न भेटता साठ-एक मीटर जाऊ शकतो. आता त्याला मागून ढकलणारे कोणी उरत नाही. तो भटकत पंपाच्या तोंडाशी येईल तेव्हाच त्याला गाठून बाहेरच्या दिशेने टोलवावे लागते.

हे टोलवण्याचे काम तिरप्या पात्यांच्या चक्रांकडे असते. जर्मनीतील विली बेकर यांनी 1950 च्या दशकात हा पंप विकसित केला. फिरत्या पात्यांची एक रांग, तिच्याखाली उलट तिरकस अशी स्थिर पात्यांची रांग, पुन्हा फिरती, पुन्हा स्थिर, अशी त्याची रचना असते. प्रत्येक रांगेत रेणू थोडा खाली सरकतो. खाली दाटलेले रेणू दुसरा, साधा पंप बाहेर टाकतो; त्या जोडीदाराशिवाय टर्बो पंपाचे काम चालत नाही. खोलीच्या तापमानाला नायट्रोजनचे रेणू सेकंदाला सरासरी 470 मीटर वेगाने धावतात. पात्याची टोकेही त्याच्या जवळपासच्या वेगाने फिरली पाहिजेत. म्हणून असे चक्र मिनिटाला तीस हजार किंवा त्याहूनही अधिक फेरे घेते. हायड्रोजनचे रेणू याच्या जवळजवळ चौपट चपळ असल्यामुळे ते पात्यांना चुकवून परततात. त्यांना काढणे सर्वांत कठीण.

अडचण आहे ती चक्राच्या आसाची. इतक्या वेगाने फिरणारा आस बेअरिंगवर ठेवला, तर वंगण लागते. वंगणाची वाफ होते आणि स्वच्छ केलेल्या पोकळीत तीच शिरण्याचा धोका उद्भवतो. शिवाय झीज आणि कंपन यांचा प्रश्न उरतोच. त्यावर उपाय म्हणजे आसाला कशाचाही स्पर्श होऊ न देणे, त्याला चुंबकांनी अधांतरी धरणे.

परंतु केवळ स्थायी चुंबकांनी वस्तू स्थिर तरंगत ठेवता येत नाही, हे सॅम्युअल अर्नशॉ यांच्या 1842 च्या सिद्धांतावरून कळते. एका दिशेने तोल साधला, तर दुसऱ्या दिशेने तो सुटतोच. म्हणून आसाभोवती संवेदक बसवलेले असतात. आस केसाच्या जाडीच्या अंशाइतका सरकला तरी ते नियंत्रकाला कळवतात आणि नियंत्रक त्या बाजूच्या विद्युतचुंबकातील प्रवाह कमी-अधिक करतो. ही दुरुस्ती सेकंदाला हजारो वेळा होते. बाहेरून पाहणाऱ्याला चक्र निश्चल आसावर फिरताना दिसते; ती निश्चलता म्हणजे अखंड चाललेली सावरासावर असते.

वीज गेली तर काय? फिरत्या चक्रात साठलेल्या ऊर्जेतून मोटर जनित्रासारखी वीज निर्माण करते आणि वेग पुरेसा उतरेपर्यंत तीच चुंबकांना पुरवते. त्यानंतर चक्र एरवी त्याला न शिवणाऱ्या राखीव बेअरिंगवर टेकते. संकटाच्या वेळी उपयोगी पडते ती आधीच कमावलेली गती.

महाराष्ट्राबाहेर साठ वर्षे उभी असलेली मराठी शाळा कोणत्या प्रकारच्या तोलावर उभी असते, हे पालकांना सांगणे नलगे. ती एकदा उभारली आणि शिळेसारखी टिकली, असे कधी घडत नाही. दरवर्षी कोणी एक पाल्य दाखल करतो, कोणी शिक्षक वर्ग सांभाळतो, कोणी माजी विद्यार्थी मदतीला येतो. असे लहान लहान हात ती सावरून धरतात. त्यांतला एकेक हात मागे घेतला गेला, तर साठ वर्षांची गती काही काळ पुरेल, कायमची नाही. औंढ्याच्या वेधशाळेत उद्या काम करणाऱ्यांमध्ये या वर्गांतील एखादी मुलगी असावी, आणि निर्वात हा शब्द तिने प्रथम येथेच ऐकलेला असावा, एवढी इच्छा व्यक्त करून हे व्याख्यान येथेच संपवणे उचित ठरेल.