गाडी उचलताना फोटो काढा

(कणकवली येथील युवा मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मी वकील नाही आणि विमा एजंटही नाही. पुण्यात सॉफ्टवेअरचं काम करतो, घर इथंच कणकवलीत आहे. आयोजकांनी सांगितलं, ‘तुझ्या गाडीचं जे झालं ते मुलांना सांग, त्यातून काहीतरी शिकता येईल.’ म्हणून उभा आहे.

गेल्या पावसाळ्यात अब्बांना तपासणीसाठी कोल्हापूरला नेलं होतं. सोबत बहीण होती. परत येताना फोंडा घाटात एका वळणावर मागून टेम्पोनं धडक दिली आणि तो न थांबता निघून गेला. आम्ही तिघेही सुखरूप होतो, पण गाडीची मागची बाजू चेपली आणि मागचं डावं चाक आत वळून अडकलं. विम्यासोबत मी रस्त्यावरच्या मदतीसाठी वेगळे पैसे भरले होते. हेल्पलाइनला फोन केला, दोन तासांनी टोइंगची गाडी आली.

माणूस कामाला चपळ होता. मागची दोन्ही चाकं उचलली, साखळी लावली. पुढची चाकं रस्त्यावरच राहिली. मी म्हटलं, ‘गाडी ऑटोमॅटिक आहे हां.’ तो म्हणाला, ‘आमचा रोजचा काम ह्या. तुमी टेन्शन घेव नकात.’ घाट उतरून थेट कणकवलीपर्यंत गाडी तशीच आली. अब्बा आणि बहीण एका ओळखीच्या माणसाच्या गाडीतून मागून येत होते. बहिणीनं गंमत म्हणून फोटो काढला आणि घरच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, ‘गाडीची वरात.’ तो फोटो लक्षात ठेवा.

दोन दिवसांनी वर्कशॉपमधून फोन आला. मागचं काम होईल, पण इंजिन चालू करून गिअर टाकला तरी गाडी जागची हलत नाही. गिअरबॉक्सचं तेल जळून काळं पडलं होतं. नवीन गिअरबॉक्सचा अंदाज निघाला १,६०,००० रुपये.

हे का झालं, ते समजून घ्या, कारण इथं अनेकांकडे आता अशा गाड्या आहेत. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये तेल फिरवणारा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद असताना पुढची चाकं रस्त्यावर फिरली, तर त्यांच्याबरोबर गिअरबॉक्सचे आतले भाग फिरत राहतात आणि त्यांना तेल मिळत नाही. ते तापतात, जळतात. म्हणून पुढच्या चाकांवर चालणारी ऑटोमॅटिक गाडी पुढून उचलायची असते, किंवा सरळ सपाट ट्रकवर चढवायची असते. मागून उचलणं भागच असेल, तर पुढच्या चाकांखाली ट्रॉली घालायची. चारही चाकांवर चालणाऱ्या गाडीला आणि इलेक्ट्रिक गाडीला सपाट ट्रकच बरा. गाडीसोबत मिळालेल्या पुस्तिकेत हे लिहिलेलं असतं. ती पुस्तिका आपण डॅशबोर्डच्या खणात ठेवतो आणि कधी उघडत नाही. मीही उघडली नव्हती.

सर्व्हेअर आला. मागचं सगळं मंजूर केलं, गिअरबॉक्सवर काट मारली. फोनवर उत्तर मिळालं, ‘मेकॅनिकल ब्रेकडाउन पॉलिसीत बसत नाही.’ हेल्पलाइन म्हणाली, ‘टोइंगवाला आमचा कर्मचारी नाही, व्हेंडर आहे.’ टोइंगवाला म्हणाला, ‘गाडी आधीच ठोकलेली होती.’ तिघांचीही बोटं दुसऱ्याकडे, आणि गाडी वर्कशॉपमध्ये.

इकडे अब्बांची तपासणी दर तीन आठवड्यांनी. पहाटेची एसटी धरायची, संध्याकाळी परत. आजारी माणसाला घाटातल्या वळणांवर एसटीत बसवताना माझ्या बहिणीला काय वाटत असेल, ते मी पुण्यात बसून फोनवर ऐकत होतो. अब्बा म्हणायचे, ‘जावंदे रे. माणसां वाचली ना, बास.’ मोहल्ल्यातले एक-दोघं म्हणाले, ‘आपली नावं बघून फाईल बाजूला ठेवतात, कशाला डोकं फोडतोस?’

नाव बघून ठेवली की नाही, मला माहीत नाही. पण फोनवर मिळालेला नकार मी नकार मानत बसलो होतो, ही माझी चूक होती. आमच्या धंद्यात प्रोग्रॅम बंद पडला की आधी लॉग बघतात, म्हणजे कधी काय घडलं याची लेखी नोंद. नोंद नसेल तर नुसता अंदाज उरतो. इथं माझ्याकडे नोंदच नव्हती. मग मी ती तयार करायला बसलो.

पहिलं पत्र एवढंच : गिअरबॉक्स नाकारण्याचं कारण लेखी द्या, पॉलिसीचं कलम सांगा, सर्व्हे रिपोर्टची प्रत द्या. प्रत मागण्याचा आपल्याला हक्क आहे. लेखी कारण का मागायचं? कारण नकाराच्या पत्रात न दिलेलं कारण कंपनीला पुढे कोर्टात काढता येत नाही. सुप्रीम कोर्टानं २०१९ मध्ये सौराष्ट्र केमिकल्सच्या खटल्यात हे सांगितलं आहे. आणि सर्व्हेअरचा रिपोर्ट हा अखेरचा शब्द नसतो, हे त्याच कोर्टानं २००९ मध्ये प्रदीपकुमार यांच्या खटल्यात म्हटलं आहे.

उत्तर आलं : ‘यांत्रिक बिघाड’. मग मी तीन कागद जोडले. पुस्तिकेतलं टोइंगचं पान. वर्कशॉपचं पत्र, की हा बिघाड झिजेमुळे नाही, इंजिन बंद असताना चाकं फिरल्यामुळे झाला आहे. आणि बहिणीची ‘वरात’. फोटोत मागची चाकं हवेत, पुढची रस्त्यावर, आणि मूळ फाइलमध्ये तारीख-वेळ. टोइंगवाल्याच्या पावतीवरची वेळही जुळत होती.

म्हणणं साधं होतं. घाटात धडक बसेपर्यंत गाडी व्यवस्थित चालत होती. गिअरबॉक्स आपोआप बिघडला नाही, अपघातानंतर गाडी हलवताना तो बिघडवला गेला. हलवणारा माणूस तुमच्याच हेल्पलाइननं पाठवला. आपल्याकडच्या सर्वसाधारण मोटार पॉलिसीत अपघातग्रस्त खासगी कार जवळच्या वर्कशॉपपर्यंत नेण्याचा वाजवी खर्च १,५०० रुपयांपर्यंत धरलेला असतो. माझ्याशी बोलताना हा आकडा पुढे करण्यात आला. पण तो नेण्याच्या खर्चाचा आहे, नेताना केलेल्या नुकसानीचा नाही. हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि ते एकत्र होऊ देऊ नका.

कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडून पुन्हा नकार आला. मग पुण्याच्या विमा लोकपालांकडे अर्ज केला. त्याला फी नाही, वकील लागत नाही. आधी कंपनीकडे लेखी तक्रार केलेली हवी. तिला नकार मिळाला किंवा महिनाभर उत्तर आलं नाही, की एका वर्षाच्या आत जायचं. लोकपालांचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. आपल्याला तो पटला नाही, तर ग्राहक आयोगाचा रस्ता मोकळा राहतो. पण आधीच ग्राहक आयोगात गेलात, तर त्याच तक्रारीवर लोकपालांकडे जाता येत नाही. क्रम चुकवू नका.

सुनावणीआधीच कंपनीचा फोन आला, दावा मान्य आहे म्हणून. गाडी अडीच वर्षांची, त्यामुळे धातूच्या भागांवर १५ टक्के घसारा कापला. तेल-मजुरीचा हिशेब होऊन हातात साधारण १,३०,००० रुपये आले. चार महिने गेले. अब्बांच्या एसटीच्या फेऱ्या कोणी भरून दिल्या नाहीत. त्या कुठल्याच पॉलिसीत बसत नाहीत.

आता ज्यांच्याकडे फक्त थर्ड पार्टी विमा आहे त्यांच्यासाठी. हात वर करायला सांगत नाही, इथले निम्मे असाल. तो विमा कायद्यानं सक्तीचा आहे, पण त्यात स्वतःच्या गाडीचं नुकसान मिळत नाही. तरी टोइंगवाला सुटत नाही. तुम्ही गाडी त्याच्या ताब्यात देता, तेव्हा १८७२ च्या करार कायद्याच्या कलम १५१ प्रमाणे त्यानं ती सामान्य शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तेवढ्या काळजीनं सांभाळायची असते. तुम्ही पैसे देऊन सेवा घेतली आहे, त्यामुळे तुम्ही ग्राहकही आहात. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, आणि सेवेचा मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही.

शेवटी, रस्त्यावर काय करायचं. पावसात, घाटात डोकं चालत नाही, म्हणून आजच पाठ करा. टोइंगवाला हात लावण्याआधी गाडीचे चारही बाजूंनी फोटो. साखळी कुठं लावली त्याचा फोटो. कुठली चाकं रस्त्यावर आहेत त्याचा फोटो. टोइंगच्या गाडीचा नंबर. ‘गाडी ऑटोमॅटिक आहे’ हे तोंडी नको, हेल्पलाइनला मेसेज करून सांगा आणि सपाट ट्रक मागा. वर्कशॉपमध्ये उतरवताना, गाडी कुठल्या अवस्थेत आली ते पावतीवर लिहून घ्या. नुकसान झालेली गाडी दुरुस्तीआधी चालवून बघू नका, वाढलेलं नुकसान तुमच्या माथी येतं. कंपनीला त्याच दिवशी लेखी कळवा. कंपनी दाद देत नसेल तर विमा नियामकाचं ‘बीमा भरोसा’ पोर्टल आहे, १५५२५५ हा नंबर आहे.

पैसे आले त्या दिवशी अब्बांनी पत्रांची फाईल मागून घेतली. चष्मा लावून एकेक कागद वाचला. मग विचारलं, ‘शेजारच्यांचा पीक विम्याचा पण असाच काय ता अडकलासा. ह्याची झेरॉक्स देऊ त्यांका?’

दिली. तुम्हीही द्या.