शेत पुढच्या पिढीच्या हाती

गोव्याच्या पेडणे तालुक्यातल्या पार्से, तुये, आगरवाडा या गावांत एकाच घरची शेती अनेक ठिकाणी विखुरलेली असते. सखल भागात पावसाळी भात, पाणी असेल तिथे पावसाळ्यानंतरचे वायंगण भात, घराभोवती माड आणि डोंगरावर काजू. जानेवारी 2023 मध्ये मोपाचा विमानतळ सुरू झाला, जमिनीला गिऱ्हाईक वाढले आणि 'आमच्यामागे हे कोण करणार?' हा प्रश्न घरोघरी निघू लागला.

त्याचे उत्तर शोधण्याआधी जमिनीच्या नोंदीचा एक-चौदाचा उतारा बघावा लागतो. त्यावर पुष्कळदा आजोबांचेच नाव असते. काही घरे तर मालक नव्हेत, कुळे. 20 एप्रिल 1976 पासून कायद्याने कुळांना जमिनीचे खरेदीदार मानले. पण मामलेदाराकडून किंमत ठरवून खरेदीची सनद घेणे कित्येकांचे राहून गेले. ते काम आता नातवंडांच्या गळ्यात आले आहे.

नमुन्यादाखल एक घर घेऊ. आईवडील, दोन मुलगे, एक मुलगी. धाकटा शेत करतो, म्हणून वडील म्हणतात, "त्याच्या नावावर करून टाकतो." गोव्यात ते इतके सोपे नाही. इथल्या कुटुंबकायद्याचे मूळ 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेत आहे. लग्नाआधी वेगळा करार झाला नसेल तर निम्मी मालमत्ता आईची. उरलेल्या निम्म्यातला अर्धा भाग मुलांसाठी राखीव, मुलीचा वाटा मुलाएवढाच. म्हणजे मृत्युपत्राने वडिलांना मनासारखे देता येते ते एकूण मालमत्तेच्या चतुर्थांशाएवढेच. धाकट्याला विकायचे म्हटले, तर बाकीच्या भावंडांची संमती हवी. वारसाने आलेली जमीन पुढे विकताना सून-जावयांच्याही सह्या लागतात.

काहीच न ठरवता वडील गेले आणि भावंडांचे जमले नाही, तर प्रकरण 'इन्व्हेंटरी'त, म्हणजे कोर्टातल्या वाटणीत जाते. 2012 चा वारसाहक्क कायदा 2016 पासून लागू आहे. त्यानुसार मालमत्तेची यादी होते, किंमत ठरते आणि वारस आपसांत बोली लावू शकतात. ज्याची बोली मोठी, त्याला जमीन. इतरांना त्यांच्या वाट्याचे पैसे.

शेताचे तुकडे यात टळतात खरे, पण बोली जिंकतो तो पैसेवाला. भात-काजूवर जगणारा धाकटा आखातात नोकरी करणाऱ्या भावापुढे टिकेलच असे नाही. भातशेती बिगरशेतकऱ्याला विकण्यावर 2023 च्या कायद्याने निर्बंध घातले. डोंगरावरच्या काजूला मात्र तो कायदा लागू नाही.

शिवाय झाडे कागदांसाठी थांबत नाहीत. काजूचे कलम तिसऱ्या वर्षाच्या सुमारास फळ धरते, माडाला त्याहून जास्त वर्षे लागतात. जमीन आपल्याकडे राहील की नाही हेच ठाऊक नसलेला मुलगा नवी लागवड कशाला करील? म्हणून गणपतीच्या चवथीला सगळी भावंडे मूळ घरी जमतात, तेव्हाच हा विषय काढलेला बरा. शेत कोण करणार, इतरांना काय देणार, ते एकदम की हप्त्यांनी, हे आईवडिलांसमोर ठरते. हयातीत धाकट्याला काही दान दिले, तर पुढच्या वाटणीत ते साधारणपणे त्याच्या हिश्श्यात धरले जाते.

आईवडिलांचे काय, हेही त्याच बैठकीत ठरवावे लागते. सर्वस्व देऊन देणाऱ्याला निर्वाहाचे साधनच न ठेवणारे दान पोर्तुगीज संहितेने रद्दबातल मानले आहे. तसे होऊ नये म्हणून दानपत्रात जमिनीचा उपभोग आईवडिलांकडे हयातभर राखून ठेवता येतो. काजूचे पैसे कोणी घ्यायचे आणि गड्यांची मजुरी कोणी द्यायची, तेही त्याच वेळी लिहून घेता येते.