औंढ्याच्या भिंतींची साक्ष



औंढ्याच्या नागनाथाला आपण सारेच जातो. अरुंद पायऱ्यांनी तळघरातील गाभाऱ्यात उतरतो, पिंडीपुढे माथा टेकतो आणि परततो. बाहेरच्या भिंतींकडे मात्र सहसा पाहत नाही. आज त्या भिंतींविषयीच बोलणार आहे.

देवळाला बाहेरून सावकाश प्रदक्षिणा घाला. खालचा भाग काळ्या दगडाचा आणि कोरीव कामाने भरलेला. वरचा भाग चुन्याविटांचा आणि साधा. खालचे काम यादवकाळचे, वरचे मोडतोडीनंतरच्या जीर्णोद्धाराचे. त्याचे श्रेय परंपरा अहिल्याबाई होळकरांना देते. घाव कोठवर पोचला आणि पुन्हा उभारणी कोठून झाली, हे त्या सांध्यावर स्पष्ट दिसते.

या बांधणीला आपण हेमाडपंती म्हणतो. हेमाद्री हा महादेव व रामदेवराव या यादव राजांचा मंत्री, म्हणजे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. परंतु याच परंपरेतले अंबरनाथचे देऊळ इ. स. १०६० मधले, त्याच्या दोनशे वर्षे आधीचे! तेव्हा नाव मंत्र्याचे असले, तरी विद्या पाथरवटांच्या कित्येक पिढ्यांची आहे. घडीव दगड चुन्यावाचून एकमेकांत बसवायचे आणि भारानेच भार आवरायचा, ही ती विद्या.

भिंतही सरळ नाही. ती कोनाकोनांनी पुढे येते, मागे सरते. त्यामुळे तिरप्या उन्हात प्रत्येक मूर्तीला आपली सावली मिळते. हत्तींचे थर पाहा, अर्धनारीनटेश्वर पाहा, रुसलेल्या पार्वतीची समजूत घालणारे शंकर पाहा. कैलासावरचा रुसवा दगडात आणणारा तो कारागीर आपल्या घरातलाच वाटतो.

नरसीच्या नामदेवांच्या कीर्तनासाठी हे देऊळ फिरले, ही कथा शेकडो वर्षे टिकली, कारण ती तोंडोतोंडी चालत आली. शिल्पाला असा दुसरा आधार नसतो. तेलाचे पूट चढले, शेंदूर थापला, रंगाचा हात फिरला, की आधी बारीक रेषा बुजतात, मग चेहरे जातात. श्रद्धेने केले तरी नुकसान ते नुकसानच.

म्हणून विनंती एवढीच, की पुढल्या खेपेस दर्शनानंतर अर्धा तास भिंतीपाशी थांबावे आणि मुलांना एकेक मूर्ती दाखवावी. कोठेही जुन्या देवळाची डागडुजी निघाली, की दगडाचा जाणकार सोबत आहे ना, हे गावाने विचारावे. विचारणारे गाव असेल, तरच हे कोरीव काम नातवंडांना पाहायला मिळेल.