पायाखालचा दगड



व्याख्यानाचं निमंत्रण आलं तेव्हा मी चिटणिसांना विचारलं, "साहित्याच्या व्यासपीठावर होमिओपॅथीचा डॉक्टर भूगोलावर बोलला तर चालेल का?" ते म्हणाले, "लोक झोपणार नसतील तर चालेल." तेवढी अट पाळायचा प्रयत्न करतो.

डॉक्टरचा आणि जमिनीचा संबंध जुना आहे. ग्रीक वैद्य हिपोक्रेटिसच्या नावावर 'हवा, पाणी आणि ठिकाणं' अशा अर्थाचा एक ग्रंथ आहे. वैद्यानं नव्या गावात पाऊल टाकलं की रोग्याची नाडी धरण्याआधी वारा कुठून येतो, पाणी कसलं आहे आणि जमीन कशी आहे हे बघावं, असं त्यात सांगितलेलं आहे. आमच्याकडेही हकिकत घेताना पहिला प्रश्न असतो, "गाव कुठलं?" त्यामागोमाग मी दुसरा विचारतो, "पाणी कशाचं पिता? विहिरीचं, बोअरचं की नळाचं?" पोट दुखतं म्हणून आलेला माणूस या प्रश्नानं जरा बुचकळ्यात पडतो. पण गाव आणि पाणी कळलं की निम्मा भूगोल कळतो, आणि कधीकधी निम्मा रोगही.

आपण बेळगावकर एका शिवणीवर राहतो, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? उत्तरेला महाराष्ट्रभर पसरलेला काळा कातळ इथवर येऊन संपत जातो. गोकाक-सौंदत्तीकडे वळलात की तांबूस वाळूचा दगड लागतो, त्याचं वय शंभर कोटी वर्षांहून जास्त. गोकाकचा धबधबा कोसळतो तो याच टणक दगडाच्या कड्यावरून. आणखी पूर्वेला, दक्षिणेला गेलं की ग्रॅनाइट आणि त्याच्या भाईबंदांचं राज्य. आम्हा जैनांच्या यात्रेत हे तिन्ही दगड पायाखालून जातात, पण आपलं लक्ष मूर्तीकडे असतं. वेरूळची आमची लेणी काळ्या पाषाणात कोरलेली, बदामीचं चौथं लेणं वाळूच्या दगडात, आणि श्रवणबेळगोळचा ५७ फुटी बाहुबली ग्रॅनाइटचा. वेरूळचा दगड त्यातला सर्वांत तरुण, तरी त्याचं वय सुमारे साडेसहा कोटी वर्षं आहे! आमच्या शास्त्रात माती-दगडालाही पृथ्वीकाय जीव म्हटलेलं आहे. माझी आजी उगाच जमीन उकरू देत नसे. तिला भूगर्भशास्त्र ठाऊक नव्हतं, पण पायाखालच्या जमिनीला मेलेली समजू नये एवढं तिला पक्कं माहीत होतं.

आणि ती मेलेली नाहीच. जर्मन हवामानतज्ज्ञ आल्फ्रेड वेगेनर यानं १९१२ साली मांडलं, की खंडं एके काळी जोडलेली होती आणि पुढे ती सरकत गेली. विद्वानांनी त्याची टर उडवली, कारण एवढं मोठं खंड ढकलणारं बळ कोणतं, हे त्याला सांगता येईना. १९३० साली तो ग्रीनलंडच्या बर्फात मरण पावला. समुद्राच्या तळाशी नवा खडक तयार होतो आणि तळ दोन्ही बाजूंना सरकतो, याचे पुरावे हाती यायला १९६० चं दशक उजाडावं लागलं. त्या जुन्या जोडखंडातल्या दक्षिणेकडच्या भागाला जगभर 'गोंडवन' म्हणतात. हे नाव आपल्या मध्य हिंदुस्थानातल्या गोंडांच्या मुलखावरून गेलेलं आहे. चंद्रपूर-बल्लारपूरचा कोळसा त्याच काळातल्या झाडझाडोऱ्याचा.

आपला भूपट्ट, ज्याला इंग्रजी शिकलेले प्लेट म्हणतात, ईशान्येकडे सरकत आशियाला जाऊन भिडला आणि हिमालय उभा राहिला. ते सरकणं अजून थांबलेलं नाही. वेग वर्षाला साधारण ५ सेंटिमीटर, म्हणजे आपली नखं वाढतात त्याच्याहून थोडा अधिक. माझं वय साठीच्या पुढे आहे. मी जन्मल्यापासून हा सगळा देश, तुमच्या-माझ्या घरांसकट, तीनेक मीटर पुढे गेला. १९५६ ची रेघ मात्र जिथल्या तिथेच आहे, असं आपल्याला वाटतं!

या जुन्या घडामोडींशी आज आपला काय संबंध, असं कुणी विचारलं तर मी त्याला जुलैमध्ये कणकुंबीला घेऊन जाईन. खानापूर तालुक्यातल्या त्या रानात पडणाऱ्या पावसाची तिथेच वाटणी होते. काही पाणी मलप्रभेत जातं, ती कूडलसंगमला कृष्णेला मिळते आणि ते पाणी सगळं पठार ओलांडून बंगालच्या उपसागरात पोचतं. शेजारच्याच ओढ्यांचं पाणी म्हादईतून गोव्यात उतरतं आणि मांडवी होऊन पणजीला अरबी समुद्राला मिळतं. कृष्णेचंही तेच. महाबळेश्वरहून पश्चिमेचा समुद्र पाऊणशे किलोमीटरांच्या आत, पण नदी जाते पूर्वेला, चौदाशे किलोमीटरांच्या वाटेनं. कारण हेच. आपला भूपट्ट उत्तरेकडे जात असताना त्याचा पश्चिमेकडचा तुकडा तुटून मागे राहिला. सेशेल्स बेटं त्यातलीच. तुटलेला काठ उंच राहिला आणि सगळं पठार पूर्वेकडे कललं. सह्याद्री म्हणजे त्या तुटलेल्या काठाची झिजत मागे हटलेली कड.

म्हादईवरून किती वर्षं भांडण चाललं आहे, ते तुम्ही जाणता. २०१० साली लवाद नेमला, २०१८ साली निवाडा आला, तरी वाद संपलेला नाही. कुणाची बाजू घ्यायला मी उभा नाही, गोव्याहूनही पाहुणे आलेले आहेत. पण या प्रश्नावर तावातावानं बोलणाऱ्या दहा जणांना मी विचारून पाहिलं आहे, की पाणलोटाची धार नेमकी कुठून जाते? नकाशावर बोट ठेवून दाखवणारा एकही भेटला नाही. घोषणा मात्र सगळ्यांच्या पाठ होत्या.

आता माझ्या खोलीतली गोष्ट. पूर्वेकडच्या कोरड्या पट्ट्यातून एक आई मुलीला घेऊन आली होती. मुलगी एकवीस-बावीस वर्षांची, प्रकृतीनं ठणठणीत. तक्रार एकच, दातांवर तपकिरी पट्टे. बघायला आलेल्या दोन स्थळांनी नकार दिला होता. एका ठिकाणच्या बाईंनी तर "पोरगी दात घासत नाही वाटतं" असं तिच्यासमोरच म्हटलं. मुलगी हसताना तोंडावर पदर धरायची. आईनं मला विचारलं, "डॉक्टर, यावर गोळ्या आहेत का?"

गोळ्या नव्हत्या, हे मी सरळ सांगितलं. ते डाग घासण्यानं जात नाहीत, मंजनानं जात नाहीत आणि माझ्या औषधानंही जात नाहीत. दंतवैद्य वरून काही झाकू शकतो, तेवढंच. दात हिरडीच्या आत घडत असताना, म्हणजे साधारण पहिल्या आठ वर्षांत, पाण्यातून जास्त फ्लोराइड पोटात गेलं की दाताचं कवच असं बिघडतं. तीच पोरं पुढे वर्षानुवर्षं तेच पाणी पीत राहिली तर सांधे आणि पाठीचा कणा ताठ होत जातो. मद्रास इलाख्यातल्या नेल्लोर जिल्ह्यात १९३७ साली हा हाडांचा रोग डॉक्टरांनी नोंदवला. आज हैदराबादकरांना नळगोंड्याचं नाव याच कारणानं ठाऊक आहे. तिथल्या पाण्यासाठी नागपूरच्या नीरी संस्थेनं तुरटी आणि चुना वापरून पाणी शुद्ध करायची रीत काढली, ती 'नळगोंडा पद्धत' म्हणूनच ओळखली जाते.

फ्लोराइड येतं कुठून? दगडातून. ग्रॅनाइटसारख्या खडकात ते असणारी खनिजं असतात. पाणी त्या खडकाच्या भेगांत जितकं जास्त काळ मुरत राहील तितकं ते त्यात उतरतं. आमच्या आजोबांच्या पिढीची विहीर चाळीस-पन्नास फुटांची, दर पावसाळ्यात भरणारी, त्यातलं पाणी ताजं. १९७२ च्या दुष्काळानंतर बोअरची गाडी गावोगाव फिरू लागली. पाणी लागलं याचा आनंद खराच होता, त्याला नावं ठेवायचा मला अधिकार नाही. पण पाणी जितकं खोल गेलं तितकं ते जुनं होत गेलं आणि दगडाची चव घेऊन वर आलं. लिटरमागे दीड मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालतं, त्यापुढे नाही. ते डोळ्यांना दिसत नाही, जिभेला कळत नाही. पाणी उकळून जात नाही. उलट, आटल्यावर त्याचं प्रमाण वाढतंच.

त्या आईला आणखी दोन लहान मुलं होती. मी तिला एवढंच सांगितलं, की मोठीचं झालं ते झालं, धाकट्यांचं पाणी आजपासून बदला. बोअरचं पाणी जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत तपासा, आणि तोवर पावसाचं साठवा किंवा नळाचं आणा. त्या बघायला आलेल्या बाईंनाही हे कुणी सांगायला हवं होतं. पोरीच्या दातांवर तिच्या गावचा खडक उमटला होता, तिचा आळस नव्हे.

याची उलटी बाजू हिमालयात आहे. तिथे पाऊस आणि बर्फानं जमिनीतलं आयोडीन धुऊन नेलं. कांगडा खोऱ्यात गळ्याला गलगंड आलेली माणसं घरोघर असत. १९५० च्या दशकात डॉ. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे मिठात आयोडीन घालून पाहिलं आणि गलगंड कमी झाला. आज तुमच्या स्वयंपाकघरातल्या मिठाच्या पुडीवर 'आयोडीनयुक्त' लिहिलेलं असतं, ते तिथून आलं.

त्याच कांगड्याला १९०५ साली मोठा भूकंप झाला. पण भूकंप म्हणजे हिमालयाचं दुखणं, दख्खन पक्की, असं आम्हाला शाळेत शिकवलं होतं. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे बेळगावात आमच्या घरी फडताळातली भांडी खाली आली. मी लहान होतो. कोयनेला पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली. धरणात पाणी साठू लागल्यावर तिथे धक्के सुरू झाले होते. खडकात मुळातल्या भेगा होत्या, त्यांत पाण्याचा दाब उतरला. जगभरचे शास्त्रज्ञ आजही कोयनेचा अभ्यास करतात. तिथे सुमारे तीन किलोमीटर खोल भोक पाडलं, तेव्हा काळा कातळ सव्वा किलोमीटरवर संपला आणि खाली ग्रॅनाइट लागला.

मग किल्लारी. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, लोक विसर्जन करून उशिरा झोपलेले. भूकंपाची तीव्रता ६.२, म्हणजे जपानमध्ये अशा धक्क्यानं एवढी माणसं मरत नाहीत. इथे दहा हजारांच्या आसपास मेली. भूकंपानं मेली असं आपण म्हणतो. मी म्हणेन, घरानं मेली. शेतातले गोटे आणि चिखल यांच्या दोन-अडीच फूट जाड भिंती. आतली फळी वेगळी, बाहेरची फळी वेगळी, दोन्हींना बांधणारा आरपार दगड नाही. वर पांढऱ्या मातीचं माळवद, दर पावसाळ्यापूर्वी नवा थर टाकून वर्षागणिक जड होत गेलेलं. उन्हाळ्यात ते घर थंडगार, म्हणून कुणाला दोष देता येत नाही. पण जमीन हलली तेव्हा भिंतींची पोटं फुटली आणि टनावारी माती झोपलेल्यांवर आली. त्याच गावांत गवताच्या, पत्र्याच्या हलक्या छपराखाली झोपलेली गरीब माणसं वाचली. दगडी वाडा प्रतिष्ठेचा, आणि मृत्यूही त्याच वाड्यात.

त्याआधीच्या वर्षी, १९९२ च्या ऑक्टोबरपासून, किल्लारीला लहान धक्के बसत होते. मोठा भूकंप कधी होणार हे त्यावरून कुणी सांगू शकलं नसतं. तारीख-वेळ सांगणारं शास्त्र आजही नाही, मोबाइलवर तसा निरोप आला तर तो पुढे पाठवू नका. पण छतावरची माती उतरवा, एवढं सांगता आलं असतं. तेव्हाच्या सरकारी नकाशात तो भाग सर्वांत निर्धोक पट्ट्यात होता. २००२ साली नकाशा सुधारला, तो पहिला पट्टाच काढून टाकला आणि किल्लारीचा भाग तिसऱ्यात आला. त्या नकाशात बेळगावही तिसऱ्यात आहे, वडोदरा आणि पणजीही. २००१ च्या कच्छच्या भूकंपात अडीचशे किलोमीटर लांबच्या अहमदाबादेत नव्या कोऱ्या उंच इमारती पडल्या. त्या तर सिमेंटच्या होत्या.

आपल्या उपनगरांत आता जुनी बैठी घरं पाडून चार-चार मजले उठताहेत. खाली पार्किंगसाठी नुसते खांब, भिंत नाही. जमीन आडवी हलली की सगळा भार त्या खांबांवर येतो. घर घेताना आपण फरशी बघतो, वास्तू बघतो, देवघर कोणत्या दिशेला ते बघतो. मी अलीकडे नातेवाइकांबरोबर घर बघायला गेलो की बिल्डरला दोन गोष्टी विचारतो. तळमजल्याच्या खांबांत सळईचे आडवे कडे किती किती अंतरावर बांधले आहेत? आणि गावाकडचं दगडी घर असेल तर दारं-खिडक्यांच्या वर काँक्रीटचा सलग पट्टा चारही भिंतींवरून फिरवला आहे, की फक्त दारावर तुकडा टाकला आहे? बिल्डर माझ्याकडे बघतो आणि नातेवाइकांना म्हणतो, "डॉक्टरसाहेबांना तब्येतीचं विचारा हो." नातेवाईक हसतात. मी सळया मोजत तिथेच उभा राहतो.