खेळ रचणारा कारागीर



कामगार चळवळीतल्या माणसाला व्याख्यानमालेत बोलावले म्हणजे तो बोनस, महागाई आणि किमान वेतन यांवर बोलणार, अशी आपली समजूत असणार. मी मात्र आज व्हिडिओ गेमवर बोलणार आहे. हसू नका. हा विषय माझ्या कामातूनच माझ्याकडे चालत आला. युनियनच्या कचेरीत पगाराची तक्रार घेऊन येणारे सभासद जाता जाता उंबऱ्याशी थांबतात आणि आवाज उतरवून विचारतात, "अण्णा, पोरगा म्हणतो गेम डिझायनर व्हायचंय. हे काय खूळ?" खूळ आहे की धंदा आहे, एवढे तरी सांगता यावे म्हणून मी वाचायला बसलो. माझी शाळा आठवीत सुटली. पुढचे सारे शिक्षण वाचनालयात आणि कामगार न्यायालयाच्या बाकावर झाले. तेव्हा नव्या विषयाची अक्षरे पहिल्यापासून गिरवण्याची मला लाज नाही.

आधी एक गल्लत दूर करतो. मोबाइलवर पैसे लावून रमी खेळणे निराळे आणि खेळ रचणे निराळे. पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये केला, ते योग्यच झाले. त्या नादाने बसलेली घरे मी पाहिली आहेत. परंतु दारूच्या गुत्त्यावर राग आहे म्हणून कोणी साखर कारखाने बंद करा म्हणत नाही.

आता एका माणसाची हकिकत सांगतो. जपानमधल्या क्योतो शहरात निन्तेंदो नावाची कंपनी १८८९ साली निघाली, ती पत्ते तयार करण्यासाठी. फुलांची चित्रे असलेले त्यांचे हानाफुदा पत्ते. तिथे १९६५ साली गुनपेइ योकोइ नावाचा तरुण कामाला लागला. शिकला होता इलेक्ट्रॉनिक्स, पण काम मिळाले पत्त्यांच्या यंत्रांच्या देखभालीचे. म्हणजे आपल्या भाषेत मेंटेनन्स खात्यातला माणूस. यंत्र बिघडले की धावपळ आणि चालू असले की हात रिकामे, हे या सभेतल्या पुष्कळांना ठाऊक आहे. त्या रिकाम्या वेळात योकोइने स्वतःच्या करमणुकीसाठी एक खेळणे केले. पट्ट्या कैचीसारख्या एकमेकींत अडकवलेल्या. मूठ दाबली की जाळी लांब होई आणि पुढच्या टोकाने वस्तू पकडी. कंपनीचे अध्यक्ष हिरोशी यामाउची यांच्या ते दृष्टीस पडले. त्यांनी बोलावून घेतले, तेव्हा आता बोलणी खावी लागणार असेच योकोइला वाटले. पण हुकूम निघाला की याचा विकण्याजोगा माल कर. (आमच्याकडे चार्जशीट निघाले असते. असो.) १९६६ साली 'अल्ट्रा हँड' या नावाने ते खेळणे बाजारात आले आणि १२ लाखांवर खपले.

पुढे याच माणसाला बुलेट ट्रेनमध्ये एक कंटाळलेला नोकरदार दिसला, कॅल्क्युलेटरची बटणे उगाच दाबीत बसलेला. सत्तरच्या दशकात कॅल्क्युलेटरवाल्या कंपन्यांची आपसांत झुंज लागून ते छोटे पडदे अगदी स्वस्त झाले होते. योकोइने त्याच पडद्यातून खिशात मावणारा खेळ काढला: 'गेम अँड वॉच', साल १९८०. १९८२ मध्ये त्याच मालिकेतल्या एका खेळासाठी त्याने अधिक-चिन्हाच्या आकाराचे बटण केले; डाव्या अंगठ्याखालचे ते बटण पुढे जगभर पसरले. १९८९ साली आला 'गेम बॉय'. त्याच्या पडद्याला रंग नव्हते, हिरवट राखाडी चार छटा तेवढ्या. प्रतिस्पर्ध्यांची यंत्रे रंगीत होती, पण सहा सेल घालून ती काही तासांत मान टाकीत. गेम बॉय चार सेलांवर दहा तासांहून अधिक चाले आणि किंमतही आवाक्यातली. तो आणि त्याचा रंगीत धाकटा भाऊ मिळून ११ कोटी ८६ लाखांवर विकले गेले. योकोइ म्हणे, जुने झालेले, मुरलेले, स्वस्त तंत्र घ्या आणि ते भलत्याच ठिकाणी लावून पाहा. महागडा संगणक घेऊन दिल्याशिवाय मी शिकणार नाही म्हणून रुसलेल्या चिरंजिवांना ही हकिकत जरूर ऐकवा.

पण खेळ 'रचणे' म्हणजे नेमके काय? चित्रे काढणारा वेगळा असतो, संगणकाला आज्ञा लिहून देणारा वेगळा असतो. रचणारा नियम ठरवतो. मॉस्कोच्या विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात काम करणाऱ्या अलेक्सेइ पाजित्नोवचे उदाहरण घ्या. १९८४ साली त्याच्यापुढे जो संगणक होता त्यावर चित्रेच उमटत नसत, म्हणून त्याने कंसांची चिन्हे जोडून चौकोन बनवले. लाकडी तुकडे जुळवण्याच्या एका कोड्यावरून त्याला कल्पना सुचली. त्या कोड्यात पाच चौकोनांचे तुकडे असतात. त्याने चारांचे घेतले, तेव्हा आकार सातच राहिले. तुकडे वरून पडू लागले, पण क्षणात पडदा भरून खेळ आटोपे. मग त्याने नियम घातला: ओळ पुरी भरली की ती नाहीशी व्हावी. एवढ्या एका नियमाने 'टेट्रिस' जन्माला आला. याला मी रचना म्हणतो. मागावर एक धागा बदलला की सारी वीण बदलते, तसेच हे.

शिगेरु मियामोतोच्या 'सुपर मारिओ ब्रदर्स'मध्ये (१९८५) सुरुवातीच्या पडद्यावर एक अक्षर समजावून सांगितलेले नाही. नायक डावीकडे उभा, उजवीकडे जागा मोकळी. म्हणजे तिकडे जायचे. समोरून शत्रू येतो, उडी मारावी लागते. उडी मारताना डोक्याने ठोकळा लागतो, त्यातून अळंबी निघते, पाइपवर आपटून परत येते आणि टाळू म्हटले तरी अंगावर येते. मग कळते की ती शत्रू नसून बक्षीस आहे. असे शिकवणारे मास्तर मला आठवीपर्यंत भेटते, तर कदाचित नववीही पाहिली असती.

हा अभ्यास कुठून सुरू करावा? कागदावरून. घरातली सापशिडी काढा. तिच्यात खेळणाऱ्याला काही ठरवावे लागत नाही, फासा नेईल तिकडे जायचे. आता दोन फासे टाकून त्यांतला एक निवडायची मुभा द्या. लगेच डोके चालू लागते. साप कमी करावे लागतात की वाढवावे, हे चार जणांना खेळायला बसवूनच समजते. आणि ते खेळताना आपण शेजारी गप्प बसायचे, हे त्यातले सर्वांत अवघड शिक्षण. त्याच्या जोडीला शक्यतेचे गणित, थोडी चित्रकला आणि भरपूर वाचन हवे. 'गोडो' आणि 'ब्लेंडर' ही खेळ जुळवण्याची व आकृत्या घडवण्याची साधने फुकट मिळतात. राष्ट्रीय डिझाइन संस्थेत या विषयाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. आणि हे फक्त परदेशातच चालते असेही नाही: पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स' या छोट्या मंडळीने लोकांकडून वर्गणी मागितली, ती पुरी जमली नाही, तरी नेट धरून २०२० साली 'राजी' हा खेळ पुरा केला. त्यातली कथा पहाडी शैलीतली चित्रे आणि छायाबाहुल्या यांतून उलगडते.

आता माझ्या धंद्याचे बोलतो. ज्या कामाची आवड असते त्या कामात माणूस लवकर लुटला जातो. अटारी कंपनीचा वॉरन रॉबिनेट हा एकट्याने अख्खा खेळ करी, पण वेष्टनावर रचणाऱ्याचे नाव घालायचे नाही असा कंपनीचा खाक्या. त्याने 'अॅडव्हेंचर' या खेळात एक गुप्त खोली ठेवून तिथे आपले नाव लिहिले. १९८० साली ते उघडकीस आले, तोवर तो नोकरी सोडून गेला होता. त्याच कंपनीतले चार जण १९७९ मध्येच बाहेर पडले आणि त्यांनी स्वतःची कंपनी काढली. पाजित्नोवचा खेळ जगभर विकला गेला, पण हक्क सोव्हिएत सरकारकडे. त्याच्या पदरात खरी कमाई पडू लागली ती १९९६ पासून.

अलीकडे वारे फिरले आहे. अमेरिकेतल्या रेव्हन सॉफ्टवेअर या कंपनीत खेळ तपासणाऱ्या खात्यातल्या डझनभर लोकांना डिसेंबर २०२१ मध्ये कमी करण्याचे ठरले. बाकीच्यांनी काम थांबवले आणि मे २०२२ मध्ये १९ विरुद्ध ३ मतांनी युनियन केली. बावीस मतांची निवडणूक! आमच्या गेटसभेला याहून जास्त माणसे चहालाच थांबतात. पण त्या धंद्यात ती मोठी गोष्ट होती, पाठोपाठ इतरांनीही संघटना बांधल्या.

म्हणून मुलगा हट्टालाच पेटला असेल तर त्याला अडवू नका. नेमणूकपत्र हाती येईल तेव्हा मात्र ते घेऊन कचेरीत या. खेळ पुरा होण्याच्या आधीचे महिने किती तास काम, जादा तासांचे पैसे मिळणार का, खेळाच्या शेवटच्या नावांच्या यादीत नाव लागणार का, घरी स्वतःच्या वेळात रचलेल्या खेळावर कंपनी हक्क सांगणार का, या चार कलमांवर आपण बोट ठेवून बसू. संध्याकाळी सहानंतर मी असतो, रविवारीही.