चढ आधी, उतार मागून
(वर्धापनदिनाच्या संमेलनात केलेले भाषण)



वर्धापनदिनी चार शब्द बोला, असे चिटणीसबाईंनी सांगितले तेव्हा मी म्हटले, "माझ्याहून जाणत्या बायका मंडळात आहेत, मी काय बोलू?" त्या म्हणाल्या, "विलायतेत सायकलवरून पडलात ते सांगा." मी पडले नव्हते, पण चुकले मात्र होते. त्या चुकीचीच हकीकत आज सांगते.

माझा मुलगा इंग्लंडात डर्बी येथे नोकरीला आहे. त्याच्याकडे मी दोन वर्षे राहिले. पहिल्याच वर्षी माझ्या नणंदबाई तिकडे आल्या. यजमान गेल्यापासून त्या घराबाहेर पडेनाशा झाल्या होत्या. मुलीपणी सांगलीला त्या सायकलवरून शाळेत जात. लग्नानंतर सायकल सुटली ती सुटलीच. माझी गत निराळी नव्हती. मुलाने दोन सायकली आणून अंगणात उभ्या केल्या आणि एकसष्टाव्या वर्षी मी पुन्हा पायडल मारू लागले. वन्सं आधी नको नको म्हणाल्या. पण आठवड्याभरात त्याच माझ्या पुढे जाऊ लागल्या.

डर्बीच्या वायव्येस चुनखडीच्या डोंगरांचा मुलूख आहे. तिथे दोन जुन्या आगगाड्यांचे मार्ग १९६७ सालापर्यंत बंद पडले. रूळ काढले आणि त्या जागी चालणारांसाठी, सायकलवाल्यांसाठी व घोडेस्वारांसाठी वाट केली. मोटारीला तिथे मज्जाव. एक टिसिंग्टनचा मार्ग; तो १९७१ साली खुला झाला. ॲशबोर्न गावापासून तेरा मैल चढत तो पार्स्ली हे या ठिकाणी जातो. दुसरा हाय पीकचा मार्ग तिथेच येऊन मिळतो. हे दोन मार्ग आणि मधला दहा मैलांचा गाडीरस्ता जोडला की सुमारे चौतीस मैलांचा फेरा होतो. नकाशा पसरून मी बोटाने तो फेरा काढला आणि म्हटले, "वन्सं, एका दिवसाचे काम!"

इथे मी पहिली चूक केली. मी मैल मोजले, चढ मोजला नाही.

आपल्या बोरघाटातली रेल्वे १८६३ साली सुरू झाली. तिचा चढ ३७ फुटांत १ फूट, आणि तेवढ्यासाठी गाडीला जादा इंजिन लावावे लागते. माथेरानच्या चिमुकल्या गाडीचा चढ २० फुटांत १. आता ऐका. हाय पीकच्या मार्गावर हॉप्टनचा चढ १४ फुटांत १ होता, आणि तो इंजिने स्वतःच्या जोरावर चढत! याचे कारण असे की ही रेल्वे फार जुनी, १८३०-३१ सालची. ती आखणारांच्या डोळ्यांसमोर कालवा होता. कालव्यात पाणी लांबवर सपाट चालते आणि मग दरवाजांच्या पायऱ्यांनी एकदम वर चढते. तशीच ही रेल्वे. मैलच्या मैल सपाट, आणि मग एकदम उभा चढ. मिडलटन येथे तर चढ त्याहूनही उभा. तिथे डबे दोरखंडाने ओढून घेण्यासाठी १८२९ सालचे वाफेचे यंत्र बसवले होते, ते १९६३ पर्यंत चालले. ते यंत्रघर आजही उभे आहे. उलट टिसिंग्टनची रेल्वे १८९९ सालची. तोवर रेल्वे बांधण्याची विद्या पुरी झाली होती, म्हणून तिचा चढ लांब पण अंगाला न जाणवणारा. म्हणजे मार्ग दोन, आणि स्वभाव दोन. सुना पारखताना आपण जी दृष्टी ठेवतो ती मी नकाशा पाहताना ठेवली नाही.

ऑक्टोबरचा पहिला आठवडा होता. मुलाने मोटारीने सायकलींसकट आम्हांला ॲशबोर्नला सोडले. निघायला अकरा वाजले. टिसिंग्टनच्या वाटेने वर जायचे, हाय पीकच्या वाटेने मिडलटन टॉपला यायचे आणि गाडीरस्त्याने परत, असा माझा बेत. सुरुवातीलाच बेंटली ओढ्यावरचा रेल्वेचा पूल पाडलेला आहे, त्यामुळे वाट एकदम खाली जाते आणि एकदम वर येते. तिथे आम्ही हसत हसत सायकली ढकलल्या. मग टिसिंग्टन गाव लागले. तिथे ईस्टर धरून चाळीसाव्या दिवशी ओल्या मातीत फुलांच्या पाकळ्या खोचून चित्रे करतात आणि विहिरी सजवतात. वन्सं म्हणाल्या, "आपली रांगोळीच की ही." किती महिन्यांनी त्या अशा बोलत होत्या!

पार्स्ली हेला पोचायला सव्वा वाजला. ठिकाण हजार फुटांहून उंच, वारा झोंबणारा. थालीपीठ खाल्ले, चहा घेतला. पुढची वाट बरीचशी सपाट किंवा उतरती, तेव्हा आम्ही रमत गेलो. यंत्रघर पाहून निघालो तेव्हा पाच वाजायला आले होते. "आता दहाच मैल," मी म्हटले.

पण ते दहा मैल गाडीरस्त्याचे! कार्सिंग्टनच्या तलावापर्यंत उतार होता तो गोड वाटला. पुढे मात्र टेकडी उतरावी तो दुसरी पुढे उभी. रेल्वेवाल्यांनी दऱ्या भरून आणि डोंगर फोडून वाट सारखी केलेली असते; गाडीरस्ता जमीन असेल तसा जातो. दिवस साडेसहाला मावळला. सायकलींना दिवे नव्हते. अरुंद रस्ता, दोन्ही अंगांना दगडी भिंती, आणि मोटारी भरधाव. तिसऱ्या चढावर वन्संच्या गुडघ्याने असहकार पुकारला. त्या भिंतीला टेकून बसल्या. मी म्हटले, "थोडेच उरले आहे, चला." त्यावर त्या रडू लागल्या. म्हणाल्या, "वहिनी, तुम्ही नकाशा पाहिलात, पण मला विचारलेत का?"

मला उत्तर नव्हते. मुलाला फोन केला, तो येऊन आम्हांला घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी वन्संनी सायकल कोठीत नेऊन ठेवली. पुन्हा त्यांचे बाहेर पडणे थांबले. भगिनींनो, माझ्या हौसेने मी त्यांना बाहेर काढले आणि माझ्याच घाईने पुन्हा आत लोटले, हे मला हिवाळाभर खात राहिले.

मे महिन्यात मी त्यांच्यापुढे नकाशा ठेवला आणि या वेळी विचारले, "तुम्हीच आखा." त्या कितीतरी वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "उलटे का नाही जायचे?" किती साधी गोष्ट! गाडीरस्त्याचे चढ सकाळी, पाय ताजे असताना. हॉप्टनचा चढ सायकलवरून उतरून पायी. आणि शेवटचे तेरा मैल उताराचे. त्यांनी आणखी दोन गोष्टी ठरवल्या. कार्सिंग्टनला आणि पार्स्ली हेला थांबायचे, आणि दोघींपैकी एकीलाही नको वाटले तर तिथूनच मुलाला बोलवायचे, कारण विचारायचे नाही. शिवाय सायकलींना दिवे लावून घेतले, जून असूनही.

जूनमध्ये सकाळी आठला निघालो. चढावर लाज न धरता चाललो. मिडलटन टॉपला साडेदहा. हॉप्टनचा चढ ढकलत गेलो, वर पोचल्यावर आवळा सुपारी खाल्ली. मिनिंगलोच्या टेकडीवर प्राचीन थडगे आहे, भोवती बीचची झाडे; ती लांबून दिसत राहतात. पुढे रेल्वेचे एक वळण इतके आखूड की त्याची त्रिज्या अवघी ५५ यार्डांची. पार्स्ली हेला वन्संनाच मी विचारले, "बोलवायचा का मुलाला?" त्या म्हणाल्या, "कशाला? आता तर आपले दिवस आलेत."

आणि मग तेरा मैल! पायडल मारावे लागले ते थोडेच. वन्सं पुढे, पदर खोचलेला, आणि मी मागे. बेंटली ओढ्याचा तो खड्डा मी आधीच सांगून ठेवला होता, म्हणून शेवटच्या चढाचा कुणी धसका घेतला नाही. ॲशबोर्नच्या बोगद्यात शिरल्यावर वन्संनी शाळकरी मुलीसारखी जोरात आरोळी दिली. तो आवाज अजून माझ्या कानांत आहे.

आपल्या मंडळाची सहल दरवर्षी निघते. कुणी सिंहगड म्हणते, कुणी आणखी काही. बेत आखणारी बहुधा धडधाकट असते, आणि गप्प राहणारीचे गुडघे दुखत असतात. तेव्हा माझी एवढीच विनंती आहे. मैलांच्या आधी चढ पाहावा, कठीण ते सकाळी उरकावे, परतीची वाट मध्येच ठेवावी, आणि जी सर्वांत मागे चालणार तिच्या हाती नकाशा द्यावा.

वन्सं आज सांगलीला आहेत. त्यांनी तिथे सायकल घेतली आहे. बाजाराला तीवरूनच जातात, असे पत्र आले आहे.